डावा कर्णा

कर्णेवाल्याच्या डोक्यात बायकोबद्दल संशयाचा किडा सोडला तो त्याच्या मेहुण्याने.

मेहुणा खुर्चीत ऐसपैस बसला, डोळे मिटले, आणि गाणं निम्म्यावर आलं तसा म्हणाला, "दाजी, रागावू नका. पण तुमचा डावा बोंबलतोय."

"काय करतोय?"

"बोंबलतोय. उजवा गातोय आणि डावा बोंबलतोय. ताईला विचारा हवं तर."

ताई स्वयंपाकघरात ओट्याशी उभी होती. तिने मान वळवूनही पाहिलं नाही.

हे गाणी ऐकायचे कर्णे म्हणजे काही किरकोळ वस्तू नव्हती. समोरच्या खोलीच्या दोन कोपऱ्यांत छताला टेकलेले दोन लाकडी जबडे. प्लायवूड वाफेवर वाकवून, सरस लावून, शिकंजे आवळून कर्णेवाल्याने ते घरातच केले होते. उजव्यापायी कपाट गेलं, डाव्यामागे खिडकी गेली. बायकोने दोन्हींवर पाणी सोडलं. कर्ण्यांच्या गळ्याशी बसवलेले ड्रायव्हर, म्हणजे आवाज जिथून निघतो ते लोखंडी डबे, एका मोडीत निघालेल्या थिएटरातले होते. मेहुणाही कर्णे करणारा, त्यामुळे त्याचा त्या डब्यांवर डोळा. "कंटाळलात की मला द्या हं दाजी," हे तो येता-जाता हसत म्हणे. कर्णेवाला हसत नसे.

पण खरी गोम वेगळीच होती. कर्णेवाल्याला स्वतःला बारीक आवाज ऐकूच येत नसत. पत्र्याच्या कारखान्यात हातोड्यांच्या दणदणाटात उमेदीची वर्षं गेलेली; झांजेची किणकिण त्याच्या कानांनी कधीच टाकली होती. खर्ज तो फळीवर तळहात ठेवून ओळखी. बाकीचं सगळं बायकोच्या कानांवर. ती खुर्चीत बसायची, तो कर्ण्यामागे.

"आता कसं?"

"डावा थोडा वाढवा."

की हा डाव्याच्या वाटेत आवाज रोखून धरणारा एखादा रेझिस्टर काढून टाकी. "आता?" "अजून थोडा." कित्येक महिने हेच. शंका कशी येणार? लग्नाच्या बायकोवर काय शंका घ्यायची, असं पुरुष म्हणतात आणि पहिल्या संधीला घेतात.

यानेही घेतली. आणि एकदा घेतल्यावर मग काय, दिसेल त्यात दिसू लागलं. हाक मारावी तर ही ओ देत नाही, ऐकून न ऐकल्यासारखं करते. झोपायची बाजू बदलली. का, तर म्हणे भिंतीकडे गार लागतं. फोन पूर्वी भाजी चिरता चिरता खांद्यात धरून बोलायची, आता हातातलं टाकून गॅलरीत जाते. आणि एका दुपारी कारखान्याचा माल पोचवायला निघालेल्या टेंपोतून त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, बायको मेहुण्याच्या स्कूटरवर.

"दुपारी कुठे होतीस?"

"कुठे असणार? घरीच."

झालं! भावा-बहिणीने संगनमत केलंय. डावा मुद्दाम बिघडवायचा, मी वैतागून हात टेकायचे, आणि ड्रायव्हर भावाच्या घरी. ही जागा पुन्हा मोकळी. गणित चोख बसलं. संशयाचं गणित नेहमी चोखच बसतं, कारण उत्तर आधी लिहून ठेवलेलं असतं.

सुट्टीच्या दिवशी सकाळी त्याने तिला खुर्चीत बसवलं. गाणं लावलं, डाव्याच्या मागे गेला आणि गुपचूप डाव्याची तार उपटली. डावा गप्प. मुका. मेलेला.

"आता कसं?" तो ओरडला.

तिने नेहमीसारखे डोळे मिटले होते. जरा विचार केला. "बरंय. डावा थोडा वाढवा."

कर्णेवाला बाहेर आला तो तार हातात घेऊनच. "हा काय तुझा डावा! माझ्या हातात आहे. काय वाढवू? सांग ना, काय वाढवू?"

तिने डोळे उघडले. तारेकडे पाहिलं.

"ऐकतच नाहीस तू! इतके दिवस मला खुळ्यासारखं नाचवलंस. भावाला ड्रायव्हर द्यायचे होते तर तोंडाने सांगायचं."

"कुठले ड्रायव्हर?"

"साळसूदपणा पुरे. त्याच्या स्कूटरवर कुठे गेली होतीस?"

ती उठली. त्याला वाटलं, आता ही रडणार. ती रडली नाही. उजवा कान त्याच्याकडे करून उभी राहिली आणि म्हणाली, "कानाच्या डॉक्टरकडे. डावा गेलाय. कर्णा नव्हे, माझा."

गाणं उजव्यातून चालूच होतं.

"कधी?"

"फळी कुठे थरथरते ते बघ म्हणून मला डाव्यात डोकं घालायला लावलंत, आणि आवाज तपासायची ती कर्कश शिट्टी सोडलीत. आठवतंय? मी कान धरला, तर तुम्ही म्हणालात, हलू नकोस, फळी सापडली का ते सांग."

आठवत होतं. आणि फळी सापडली होती. तिनेच दाखवली होती.

"मग बोलली का नाहीस? मला सांगायचं! भावाला सांगता येतं आणि नवऱ्याला नाही?"

"तुम्हाला सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी तुम्ही या खुर्चीत त्याला बसवलं असतंत. चांगल्या कानाचा म्हणून." ती खुर्चीच्या पाठीवरच्या कापडाची घडी सारखी करत राहिली. "दिवसभरात तुम्ही मला एवढं एकच विचारता. आता कसं. तेवढं पण जायचं मग."

कर्णेवाल्याने जाऊन गाणं बंद केलं. निदान तेवढी अक्कल त्याला होती.

संध्याकाळी मेहुणा आला तेव्हा कर्णेवाला डाव्याच्या गळ्याशी पान्हा लावून बसला होता. ड्रायव्हर सुटला. त्याने तो दोन्ही हातांनी उचलून मेहुण्याच्या मांडीवर ठेवला.

"घेऊन जा. कर्णाही ने, मला खिडकी मोकळी करायचीय. दोन्हींचं गाणं एकत्र करून मी एकट्या उजव्यातून वाजवीन. खुर्चीच्या उजव्या अंगाला."

"दाजी, एकाच कर्ण्यात काय मजा राहणार?"

"तिला दोन लागत नाहीत. आणि तू 'डावा बोंबलतोय' म्हणालास, त्यापेक्षा तिच्या कानाचं सरळ सांगता येत नव्हतं का?"

"ताईने शपथ घातली होती. मला वाटलं, तुम्ही हुशार आहात, ओळखाल." मेहुण्याने डब्याला कवटाळलं. चेहरा गंभीर ठेवायचा बिचारा पुष्कळ प्रयत्न करत होता, पण डोळे लकाकत होते. ते कर्णेवाल्याच्या नजरेतून सुटलं नाही.

मेहुणा टेंपो आणून कर्णाही घेऊन गेला. खिडकी उघडली. बायको खिडकीशी उभी राहून खाली रस्त्यावर पाहत होती. अखेर ड्रायव्हर मेहुण्याच्याच घरी गेला आणि हिला खिडकी मिळाली. कर्णेवाला तिच्या डाव्या बाजूला जाऊन उभा राहिला आणि हळूच म्हणाला, "हे तुम्ही दोघांनी ठरवून तर केलं नाहीत ना?"

ती रस्त्याकडेच पाहत राहिली. ओठाचा कोपरा मात्र जरा हलला.

ऐकू आलं नाही, की आलं? त्याने तिच्याकडे निरखून पाहिलं, कळेना. मग तो तिच्या मागून वळसा घालून उजव्या बाजूला गेला.

"आता कसं?" त्याने विचारलं.