हिरवी बंडी

निळ्या पक्षाने यंदा माझ्या नवऱ्याचं, योंग-त्सानचं तिकीट कापलं आणि पंधरवडा उलटायच्या आत तो हिरव्या पक्षात जाऊन बसला. तायपेच्या संसदेत तो आजवर निळ्यांचाच म्हणून निवडून गेला होता. बंदरातल्या लोकांना हे पचलं नाही, आणि माझ्या वडिलांना तर मुळीच नाही. ते दर्यावर्दींच्या मात्सू देवीच्या देवळाचे प्रमुख. कालवं सोलणाऱ्या बायकांपुढे हात कसे जोडायचे, हे जावयाला त्यांनीच शिकवलेलं. बाबा प्रचाराच्या ट्रकवर उभे राहिले तर बंदर आमचं, नाहीतर निवडणूक हातची गेली.

प्रचाराच्या पहिल्या सकाळी ट्रक देवळासमोर लागला. माझ्या अंगात योंग-त्सानचं नाव छापलेली हिरवी बंडी होती, बाबांसाठीची पिशवीत. बाबा आले ते जुनी निळी बंडी घालून. छातीवर माझ्या नवऱ्याचंच नाव.

“बाबा, ही कसली थट्टा?” योंग-त्सान हळूच म्हणाला.

“नाव तुमचं, जावईबापू. रंग माझा. पक्ष बंदरासाठी सोडला म्हणता ना? मग लावा कौल. मात्सू आई हो म्हणाली तर आत्ता हिरवी घालतो.”

सगळं बंदर बघत होतं. आता माघार घेणं शक्यच नव्हतं. योंग-त्सान देवळात जाऊन देवीपुढे गुडघ्यांवर बसला आणि तिला नाव-गाव सांगून मोठ्याने म्हणाला, “आई, मी बंदरासाठीच पक्ष सोडला.” त्याने कौलाच्या दोन लाकडी चंद्रकोरी फरशीवर टाकल्या. दोन्ही पालथ्या. नाही.

“बंदरासाठीसुद्धा सोडला,” त्याने शब्द फिरवले. दोन्ही उताण्या.

“आई हसतेय,” मागून एक म्हातारी म्हणाली. “आम्हीही तेच करतोय, मावशी,” दुसरी म्हणाली.

तिसऱ्यांदा त्याने डोळे मिटून मनातल्या मनात विचारलं. एक उताणी, एक पालथी. कौल मिळाला. ढोलवाल्याने काठी उचललीसुद्धा.

“थांब रे,” बाबा म्हणाले. “काय विचारलंत?”

खोटं बोल, मी मनात म्हणत होते. कुणाला कळणार आहे?

योंग-त्सान गुडघ्यांवरच बाबांकडे वळला. “मला माफ करशील का, एवढंच विचारलं.”

इतक्या वर्षांत मला त्याचा इतका अभिमान कधी वाटला नव्हता, आणि इतका रागही.

बाबांनी चंद्रकोरी उचलून देवीपुढे नीट ठेवल्या. “तिने माफ केलं. चांगलं झालं. पण तिला मत टाकता येत नाही, जावईबापू.”

मी पिशवी पुढे केली. त्यांनी ती हळूच माझ्याकडे परत सरकवली. “तू चढ, पोरी. नवरा आहे तुझा.”

ट्रक निघाला. कालवांच्या टोपल्यांशी बसलेल्या बायकांना आम्ही वाकून वाकून नमस्कार केले. त्या आमच्याकडे बघतच नव्हत्या. त्या देवळाच्या पायरीवर बसलेल्या बाबांकडे बघत होत्या, आणि बाबांचे हात मांडीवरच होते.