तबकडीवाल्या मावशींचा सत्कार

“किती भरलं, आत्या?” तळ्याच्या समितीच्या अध्यक्षांनी पायऱ्यांवरूनच विचारलं.

होडीच्या काठावरून मावशींनी दोर पुन्हा एकदा सोडला. दोराच्या टोकाला जेवणाच्या ताटाएवढी पत्र्याची तबकडी, अर्धी काळी, अर्धी पांढरी. दोराला अर्ध्या-अर्ध्या फुटावर गाठी. तबकडी दिसेनाशी झाली की गाठी मोजायच्या, म्हणजे पाणी किती नितळ ते कळतं, इतकं साधं काम. एकोणीस वर्षं दर रविवारी त्या ते करत आल्या होत्या, समितीचा चहासुद्धा न घेता. शाळेच्या प्रयोगशाळेत काचेच्या नळ्या धुण्यात सारी नोकरी सरली, पण लोक त्यांना ओळखत ते तबकडीवाल्या मावशी म्हणूनच.

तिसरी गाठ भिजली आणि तबकडी हिरव्या पाण्यात गडप झाली.

“दीड फूट,” मावशी म्हणाल्या. “तेही मन मोठं करून.”

“अगं, हळू बोल ना!” अध्यक्षांनी मागे पाहिलं. काठावर मांडव होता, खुर्च्या होत्या, माइक चाचपून बघणारा माणूस होता. आज मुलांसाठी तळं पोहायला खुलं व्हायचं होतं आणि त्याआधी मावशींचा सत्कार. अध्यक्ष म्हणजे त्यांच्या भावाचा मुलगा. लहानपणी आत्याच्याच घरी वाढलेला.

“चार फुटांचा नियम आहे,” मावशींनी आठवण करून दिली.

नियम समितीनेच पहिल्या बैठकीत केला होता. चार फुटांपर्यंत तबकडी दिसली नाही, तर एकाही पोराला पाण्यात सोडायचं नाही. कारण उघड होतं. बुडणारं पोर ओरडत नाही. ते दिसावं लागतं.

“नियम आपणच केलाय, आपणच जरा समजून घ्यायचा,” भाचा म्हणाला. “पुढच्या महिन्यात पाणी तपासायचं मशीन येतंय. तू आणखी किती वर्षं दोर ओढत बसणार? आता आराम कर.”

“म्हणून सत्कार होय!”

“तुला सगळं वाकडंच दिसतं, आत्या.”

मावशी होडी वल्हवत काठाला आल्या. वाकडं दिसतं म्हणे! सरळ दिसत होतं तेव्हा तरी काय दिवे लावले होते? दोन वर्षांपूर्वी याच तळ्यात तबकडी नऊ फुटांपर्यंत लखलखीत दिसायची. तळाशी दाट पाणगवत होतं. ते पोहणाऱ्यांच्या पायांना लागतं, फोटोत घाण दिसतं, म्हणून सगळं उपटायचं समितीच्या मनात आलं. बैठकीत मावशी उठल्या होत्या. “गवत आहे म्हणून पाणी नितळ आहे. पायऱ्यांपाशी आपण दरवर्षी उपटतो, तर तिथेच गढूळ असतं. माझ्या वह्या बघा.” वह्या कोणीही बघितल्या नाहीत. बँकेतून निवृत्त झालेले साहेब म्हणाले, “मावशी, घाण ती घाण.” सगळे हसले. आणि भाचा कानाशी लागला, “माझं पहिलंच वर्ष आहे गं. चारचौघांत माझं नाक कापू नकोस.”

मावशी मूग गिळून बसल्या. नुसत्या बसल्या असत्या तरी एक वेळ चाललं असतं. पुढच्या रविवारी दोनशे माणसांसमोर दंताळं घेऊन पाण्यात पहिलं पाऊल टाकलं ते त्यांनीच, भाच्याची शोभा राहावी म्हणून. चार रविवारांत तळ टकला झाला. लोकांनी गवताच्या ढिगांपुढे उभं राहून फोटो काढले. पुढच्या उन्हाळ्यात पाणी हिरवं झालं, मासे पोट वर करून तरंगले. कोणी उन्हाला दोष दिला, कोणी वरच्या वस्तीच्या सांडपाण्याला. दंताळ्याचं नाव कोणी काढलं नाही. मावशींना मात्र त्या दिवसापासून स्वतःची चीड येत होती.

सत्कार थाटात झाला. काचेच्या चौकटीतलं मानपत्र साहेबांनी वाचलं आणि मावशींच्या हातात दिलं. “दोन शब्द बोला,” कोणीतरी माइक पुढे केला.

“गवत मी उपटलं,” मावशी म्हणाल्या. “उपटायचं नाही हे माहीत होतं, तरी उपटलं. हे पाणी आपण बिघडवलंय आणि सुरुवात मी केली. आज दीड फुटाच्या खालचं काही दिसत नाहीये. पोरांना आत सोडू नका.”

मांडवात रेलून बसलेली माणसं सरसावून बसली. मावशींना वाटलं, पोचलं. तेवढ्यात भाच्याने हसत माइक घेतला.

“बघा! एवढं करूनही सगळा दोष स्वतःच्या अंगावर घेतात. असा मोठेपणा आता कुठे बघायला मिळतो? जोरात टाळ्या होऊ द्या!”

टाळ्या झाल्या. खोट्या असत्या तर मावशींनी सोसल्या असत्या. त्या अगदी मनापासूनच्या होत्या. पुढच्या रांगेतल्या एका बाईने तर डोळे पुसले.

फीत कापली गेली, मुलं पायऱ्यांकडे धावली. मावशींनी त्या बाईचा दंड धरला. “बाई, आज नको. माझं ऐका.”

“अहो मावशी, तळं तुमच्या हातात आहे म्हणून तर आणलं मी हिला! नाहीतर आणलं असतं का?” बाईने कौतुकाने त्यांचा हात थोपटला आणि मुलीच्या सदऱ्याची बटणं सोडायला घेतली.

मावशी आपल्या खुर्चीपाशी गेल्या. मानपत्र खुर्चीवर पालथं ठेवलं, चपला काढल्या आणि शेवटच्या बुडालेल्या पायरीवर गुडघाभर पाण्यात जाऊन उभ्या राहिल्या. त्यांनी डोकी मोजली. सतरा. एक डोकं खाली गेलं, सोळा झाली. मावशी पुढे झुकल्या. डोकं वर आलं, सतरा.

“आत्या, फोटो राहिलाय! वर ये ना!” भाचा मांडवातून ओरडला. “सगळे थांबलेत!”

मावशी वळल्या नाहीत. ओठ हलत होते. मांडव सोडून झाला, खुर्च्या टेम्पोत चढल्या, साहेब निरोप घेऊन गेले, तरी त्या तिथेच उभ्या होत्या, आणि शेवटची मुलगी पाण्याबाहेर येऊन अंग पुसेपर्यंत त्यांनी तिच्यावरची नजर काढली नाही.