चिंचोळी अक्षरं

"बसत नाही," दादा म्हणाला. "चौकटच लहान. धाकट्याचं नाव बसत नाही, त्याला मी काय करू?"

ती वर्तमानपत्राच्या कचेरीत अक्षरं काढायची. निधनवार्तांचा तो चिंचोळा, तिरका टाइप तिचाच. टोकांना बारीक टाचा, आणि सगळी अक्षरं अंग चोरून उभी. घरं मोठी, चौकट लहान. एखादा जावई छापायचा राहिला तर जन्माचा अबोला. म्हणून तर तिनं अक्षरं एवढी वाळवली होती. "त्यांना जरा जेवायला घाल गं," आई म्हणायची.

आज चौकटीत आईच होती.

पान लावणाऱ्या काकांनी छापून दिलेला कागद तिनं उलटा धरला. अक्षरांमधल्या फटी अशाच तपासायच्या; शब्द वाचले जात नाहीत, नुसते आकार दिसतात. आईचं नाव ती बराच वेळ तसंच बघत राहिली. सरळ करायचा धीर होईना.

मग पडद्यावर तिनं एकेका अक्षराची कंबर केसभर आवळली. नावं सरकली. शेवटच्या ओळीत धाकटा भाऊ नीट मावला.

"बघ. बसलं."

दादानं चष्मा लावला, काढला. "एवढं बारीक कोण वाचणार?"

"काका, वाचा हो जरा."

काकांनी सगळी नावं घडाघडा वाचली. धाकट्याचंसुद्धा.

दादा खाली बसला. "तो आला होता गं. मागच्या महिन्यात, आई असताना. मीच दारातून परतवून लावला. आईनं विचारलं, कोण होतं रे? म्हटलं, कुरिअरवाला."

तिनं हातातला कागद टेबलावर ठेवला.

"इतकी वर्षं उशापायथ्याशी मी बसलो. आणि हा शेवटी येऊन मांडीला मांडी लावणार?"

"मी त्याला सकाळीच कळवलंय, दादा. तो निघालाय."

"येऊ दे. पण छापलं की तो घरचा झाला. सगळ्यांदेखत विचारेल, मला आत का नाही घेतलं?"

"विचारू दे की."

"तुझं काय जातंय बोलायला?"

मजकूर दादाच्या नावानं दिलेला. त्याच्या सहीशिवाय जाणार नव्हता. काका दोनदा घड्याळाकडे बघून खाकरले. आज पान चुकलं असतं, तर आई गेल्याचं गावाला कळलंच नसतं.

"तेवढं नाव काढ," दादा हळूच म्हणाला. "लगेच सही करतो."

तिनं काढलं. बोटाच्या एका दाबाचं काम.

काकांनी पडद्यात डोकावून पाहिलं. "ताई, शेवटची ओळ उघडी पडली. अक्षरं सैल करून भरून टाकू? कळायचं नाही कुणाला."

"नको काका. आहे तशी राहू दे."

कागद छापून आला. सगळी नावं डावीकडे एकमेकांना खेटून, आणि उजवीकडे एका नावापुरतं कोरं. दादा तिथंच बघत राहिला. मग त्यानं पेन मागितलं आणि खाली सही केली.