आईची माती

टाळेबंदीत सगळं जग हात धुवायला लागलं, तेव्हा शेजारणी आयरीनला म्हणाल्या, "तूच खरी शहाणी निघालीस गं." शहाणी कसली, डोंबलाची. हात धुण्याच्या वेडापायी डॉक्टरणीकडे खेटे घालून घालून बिचारी एवढंच शिकली होती, की दाराच्या कडीला हात लावायचा आणि तो न धुता पाव खायचा. घाम फुटायचा, पण खायची. आणि आता टीव्ही उठल्यासुटल्या सांगत होता, धुवा, अजून धुवा. केल्या कामाची पार वाट लागली.

बोरिवलीच्या त्या दोन खोल्यांत मग तिचे जुने कायदे परत आले. नवरा, हेन्री, बाहेरून आला की बूट जिन्यात, कपडे बादलीत, आधी आंघोळ, आणि शेवटी दोन्ही हात तिच्यासमोर धरायचे. हेन्री कुरकुर न करता धरायचा. त्याच्याइतकं आपल्याला कोणी सांभाळलं नाही, असं ती सगळ्यांना सांगायची.

तिची आई मालाडला, भावाकडे, ब्रायनकडे असायची. म्हातारी अंथरुणाला खिळलेली. रोज फोनवर तोंड दाखवायची आणि एकच विचारायची, "मी गेले की माती द्यायला येशील ना? का नळाखाली बसशील?"

"येईन गं. देईन."

खड्ड्यात पेटी उतरली की घरच्यांनी मूठ मूठ माती टाकायची. म्हातारीला लेकीच्या हातची हवी होती. त्यासाठी आयरीन खिडकीतल्या कुंडीत रोज बोट खुपसून बसायची, धुवायचं नाही म्हणून दात आवळून. कुंडी हेन्रीनेच आणून दिली होती.

त्या दिवशी हेन्री भाजीला म्हणून गेला तो दुपार टळल्यावर उगवला. भाजी नव्हतीच. आंघोळ करून त्याने हात पुढे धरले, तर अंगठ्याच्या नखात तांबडी माती.

भाजीवाल्याकडे कुठली आली तांबडी माती? आयरीन त्या नखाकडे बघत राहिली.

"कोणाला माती दिलीस, हेन्री?"

त्याने हात मागे घेतले.

"आईला?"

"पहाटे गेली. झोपेतच." त्याची मान खाली. "ब्रायनचा फोन आला होता. मोजक्याच माणसांना परवानगी होती. आम्ही दोघांनी ठरवलं, तुला नंतर सांगायचं. तिथे सगळ्यांसमोर तुझे हाल झाले असते."

दोघांनी ठरवलं. ब्रायनचं एक वेळ सोडा, तो तिला लहानपणापासून वेडीच म्हणायचा. पण हेन्रीने? कुंडी आणून देणाऱ्यानेच केसाने गळा कापला होता. आयरीनच्या अंगाचा भडका उडाला.

ती तशीच जिन्यात गेली. हेन्रीच्या बुटाच्या तळाला चिकटलेला मातीचा गोळा तिने उघड्या बोटांनी खरवडला आणि मूठ मिटली. आईची माती. क्षणभर काहीच झालं नाही. मग तळवा जळायला लागला, ती जुनी आग कोपरापर्यंत चढली. तिने आईचं नाव घेतलं, मूठ छातीशी दाबली, भिंतीला टेकून उभी राहिली. पण पाय नळाकडे निघालेच. पाण्याखाली मूठ उघडली आणि माती मोरीतून वाहून गेली. ती साबण चोळत होती आणि हमसून रडत होती.

मागून हेन्री हळूच म्हणाला, "बघ ना. म्हणूनच नाही सांगितलं."

त्याचं खरं होतं, आणि त्याचाच तिला जास्त संताप आला.

"नसती दिली मी माती," ती हात चोळतच म्हणाली. "फाटकातूनच मागे फिरले असते. भर लोकांत तमाशा झाला असता. पण आई माझी होती, हेन्री. तमाशा करायलासुद्धा तू मला नेलं नाहीस."