काळी चार, पांढरी चार

काशिफ पियानोवर बसला की मला त्याच्या पाठीचासुद्धा राग यायचा. सरळ, सैल, कशाचीच घाई नसलेली पाठ. पाचव्या वर्षापासून शिकणाऱ्याला घाई असेल तरी कशाला! मी शिकायला लागले अठराव्या वर्षी, आणि आता प्रवेशपरीक्षेला उरले होते तीन आठवडे.

भिंगारला साळवे मॅडमच्या बैठकीत पियानो होता. दर रविवारी मी काष्टीहून एसटीनं यायचे. माझा तास काशिफच्या तासानंतर. म्हणजे आधी त्याचं ऐकायचं, मग त्याच्याच गरम स्टुलावर बसून स्वतःची शोभा करून घ्यायची. पुण्याच्या कॉलेजात पियानोला यंदा एकच जागा होती आणि ती त्याचीच, हे मॅडमनी मनात ठरवून टाकलं होतं. मला त्या म्हणायच्या, "तू प्रयत्न कर, बाळा." त्याला म्हणायच्या, "जेवून जा." त्या जेवणाचाही मला हेवा वाटायचा.

मी मूळची कीबोर्डवाली. बजरंगमामाच्या ऑर्केस्ट्रात हळदी-लग्नांत पंधराव्या वर्षापासून उभ्यानं वाजवत आले. नोटेशन वाचायला मॅडमकडे शिकले, तेही ओळीवर बोट ठेवून, पहिलीतल्या पोरीसारखी. काशिफ पेपर वाचावा तसं वाचायचा.

परीक्षेत एक भाग साथीचा होता. समोर कुणी गाणारं उभं करायचं, चालीचं नोटेशन लिहिलेला कागद द्यायचा आणि ऐन वेळी सांगायचं, दोन सूर खाली घ्या. मॅडमनी पहिल्यांदा तो सराव घेतला तेव्हा काशिफची बोटं जागच्या जागी थांबली. कागदावर एक आणि वाजवायचं दुसरंच, हे त्यानं कधी केलंच नव्हतं. मग माझी पाळी आली. मी वाजवून मोकळी झाले.

"हे कुठं शिकलीस तू?" मॅडमनी विचारलं.

शिकते कुठं! सूर वर-खाली करायला आमच्या कीबोर्डला बटण होतं. एका हळदीत नवरदेवाच्या भावांनी त्यावर हळदीचं पाणी सांडलं आणि बटण कायमचं गेलं. आमच्याकडे गाते गोजरबाई मावशी, तिला दमा. रोज तिचा सूर वेगळा. "राजे, आज काळी चार न्हाई व्हायची गं, पांढरी चार घे," असं ती थेट माईकवर सांगायची. मग चौथी काळी पट्टी सोडून चौथी पांढरी धरायची आणि तेच गाणं तिथून वाजवायचं, लोकांना कळायच्या आत.

त्या रविवारी मॅडमनी मलाही जेवायला थांबवलं. नुसता वरणभात होता, पण काय गोड लागला.

पुढच्या रविवारी काशिफनं मला दारातच गाठलं. "राजेश्वरी, ते साथीचं मला शिकवशील?"

खरं सांगते, पोटात दुखलं. माझ्याकडे ती एकच गोष्ट होती. नाही म्हणावं तर मॅडम तिथंच उभ्या. शिकवते म्हटलं, आणि मनात म्हटलं, येणार नाहीच तुला. मला चार वर्षं लागलीत.

त्याला चाळीस मिनिटं लागली. वर म्हणतो कसा, "किती सोपं करून सांगितलंस गं!" परतीच्या एसटीत मी खिडकीकडे तोंड करून रडत होते, ते श्रीगोंदा येईपर्यंत. शेजारच्या बाईनं विचारलं, "नापास झालीस व्हय गं?" मी हो म्हणून मान हलवली.

पुण्याला परीक्षेतही त्याचा नंबर माझ्या आधीच. मी दाराबाहेरच्या बाकावर कान लावून बसले. त्यानं बसवून आणलेली रचना झाली, एक सूर चुकला नाही. मग साथ. एक बाई गायला लागली आणि काशिफनं दोन सूर खाली घेतलं, अगदी मी दाखवलं होतं तसं.

दुसऱ्या ओळीला बाई श्वासासाठी थांबली. पियानो थांबला नाही. तो पुढे निघून गेला आणि ती मागून धावली. तिसऱ्या ओळीलाही तेच. कागदावर जेवढा वेळ लिहिला होता तेवढ्यातच तो बरोबर वाजवत होता.

काय खटकतंय ते मला लगेच कळेना. मग गोजरबाई मावशी आठवली. वाजवताना मी तिच्या खांद्यांकडे बघते. खांदे वर गेले की हात आवरायचा, तिला दम घेऊ द्यायचा, मग पुढचा सूर. हे शिकवायचं असतं, असं मला कधी वाटलंच नव्हतं.

काशिफ बाहेर आला. कपाळावर घाम होता.

"काहीतरी बिघडलं," तो म्हणाला. "तू सांगितलेलं सगळं केलं मी. काही राहिलं होतं का गं?"

"नाही," मी म्हटलं.

आतून माझं नाव पुकारलं. मी आत गेले, गाणारी बाई कुठं उभी आहे ते आधी बघितलं आणि तिचे खांदे दिसतील असं स्टूल जरा वळवून बसले. शिकवताना काशिफपासून मी मुद्दाम काहीच लपवलं नव्हतं. पण हे खांद्यांचं तेव्हा ठाऊक असतं, तर लपवलं असतं.