न्यू लिपातलं बाळंतपण

डॉ. शैलजा पाठक नेब्रास्कातल्या न्यू लिपा या गावी आली ती व्हिसाच्या अटीमुळे. जिथे डॉक्टर यायला तयार नसतात अशा ठिकाणी तीन वर्षं काम केलं, की तिला अमेरिकेत राहता येणार होतं. नवरा अनिल दुसऱ्या राज्यात, ईडन प्रेरीला नोकरी करत होता. महिन्यातून एकदा तो ड्राइव्ह करून यायचा, एकदा ती जायची. येत्या जूनमध्ये तीन वर्षं संपत होती आणि तिने जायची तयारीही सुरू केली होती.

गाव वसवलं दीडशे वर्षांपूर्वी, बोहेमियातून आलेल्या चेक शेतकऱ्यांनी. रेल्वे आली तसं ते भरभराटलं. पिठाची गिरणी, बँक, नाचाचा हॉल, दोन चर्च, एवढंच काय, आठ खाटांचं हॉस्पिटलही होतं. मग रेल्वे बंद झाली, हायवे लांबून गेला, शाळा शेजारच्या गावात गेली. आता मक्याची उंच कोठारं, पोस्ट आणि एक बार एवढंच उरलं होतं. पण अलीकडे आसपासच्या डेअऱ्यांवर ग्वाटेमालाची कुटुंबं कामाला आली आणि बंद पडलेलं किराणा दुकान पुन्हा उघडलं. दर शनिवारी तिथे चेक बायकांच्या गोड पावांशेजारी मक्याच्या पानात वाफवलेले गरम तामाले मिळायचे, आणि दोन्ही दुपारपर्यंत संपायचे.

शैलजाचं क्लिनिक जुन्या हॉस्पिटलच्याच विटांच्या इमारतीत होतं. गावच्या स्वयंसेवी ॲम्ब्युलन्सची प्रमुख डोना व्लासाक त्याच इमारतीत जन्मली होती. ती साठी ओलांडलेली, धिप्पाड, मोजकं बोलणारी बाई. तिच्यानंतर तिथे बाळंतपण झालंच नाही, काही महिन्यांतच हॉस्पिटल बंद झालं. तेव्हापासून गावातल्या बायका बाळंतपणाला काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, हॉस्पिटलात जायच्या. काही वर्षांपूर्वी तिथलाही बाळंतपणाचा विभाग बंद झाला. आता चांगल्या हवेत दीड तास ड्राइव्ह केलं तर शहरातलं हॉस्पिटल गाठता यायचं.

फेब्रुवारीतल्या त्या सकाळी हवा चांगली नव्हती. बर्फाच्या वादळात समोरचं चर्चही दिसत नव्हतं. शैलजाने सगळ्या अपॉइंटमेंट्स कॅन्सल केल्या होत्या. इतक्यात एक पिकअप ट्रक क्लिनिकच्या पायरीला जवळजवळ आपटूनच थांबला. डेअरीवर काम करणारा एल्मर उतरला आणि त्याने बायकोला, मारिसोलला, धरून आत आणलं. तिला अजून तीन आठवडे अवकाश होता. पहाटे कळा सुरू झाल्या म्हणून ते शहराकडे निघाले, पण पोलिसांनी हायवे बंद केला होता. परत येताना गाडी दोनदा रुतली.

शैलजाने तपासलं. बाळंतपण अगदी तोंडावर आलं होतं. आता हिला कुठेही नेण्याइतका वेळ नव्हता.

हेलिकॉप्टर अशा हवेत उडणार नाही, असं शहरातल्या हॉस्पिटलने सांगितलं. बर्फ काढणाऱ्या गाडीमागून ॲम्ब्युलन्स पाठवू म्हणाले, पण केव्हा पोचेल ते सांगता येईना. शैलजाने फोन करताच डोना घरून ट्रॅक्टरवर बसून आली. ॲम्ब्युलन्समधली बाळंतपणाची पेटी तिच्या मांडीवर होती.

"तू केलंयस कधी?" शैलजाने विचारलं.

"गाईंचं," डोना म्हणाली. "माणसांचं ट्रेनिंगमध्ये. प्लॅस्टिकच्या बाहुलीवर."

शैलजाने टेक्सासमधल्या शुगर लँडला, इलाला फोन लावला. दोघी नागपूरला मेडिकलला एकाच बॅचच्या. इला आता स्त्रीरोगतज्ज्ञ होती.

"इला, डोकं दिसायला लागलंय आणि इथे डॉक्टर मी एकटीच आहे. शेवटची डिलिव्हरी इंटर्नशिपला केली होती, यार."

"म्हणजे केलीयेस ना? फोन स्पीकरवर ठेव आणि मी सांगते तसं कर. हात धुतलेस? ग्लव्ह्ज? बाळाला पुसायला टॉवेल गरम करायला सांग."

डोनाने टॉवेल हीटरवर टाकले. एल्मर मारिसोलच्या उशाशी बसून तिच्या कपाळावरचा घाम पुसत होता. शैलजाचं स्पॅनिश 'दुखतंय का' आणि 'गोळी केव्हा घेतली' एवढ्यापुरतंच होतं. जोर लाव, थांब, श्वास घे, हे तिने एल्मरला इंग्रजीत सांगायचं आणि त्याने मारिसोलच्या कानात सांगायचं, असं चाललं.

डोकं बाहेर आलं आणि शैलजा थबकली.

"नाळेचा वेढा आहे. गळ्याभोवती."

"ठीक आहे, असतो पुष्कळदा," इलाचा आवाज तसाच शांत होता. "तिला जोर थांबवायला सांग. नाळेखाली बोट जातंय का?"

"जातंय."

"मग हळूच डोक्यावरून काढून घे. ओढू नकोस."

नाळ बुळबुळीत होती. दोनदा बोटांतून सुटली. तिसऱ्यांदा निघाली. पुढच्याच कळेला बाळ सगळंच बाहेर आलं, आणि शैलजाच्या हातात नुसतं पडून राहिलं. निळसर, हातपाय ढिले.

"मुलगी आहे. इला, ही रडत नाहीये."

"पूस. जोरात. पाठ चोळ."

"चोळतेय. काही नाही."

"श्वास द्यायची बॅग लाव. मास्क नाक-तोंडावर घट्ट बसव आणि हळू दाब. छाती हलतेय का ते बघ."

लहान मास्क डोनाने आधीच काढून ठेवला होता. ती बाळाची मान धरून बसली, शैलजा बॅग दाबू लागली. पहिल्यांदा छाती हललीच नाही. डोनाने हनुवटी जराशी वर केली. मग ती एवढीशी छाती उचलली गेली, खाली गेली, पुन्हा उचलली गेली. मारिसोल काहीतरी विचारत होती आणि एल्मर बाळाकडेच बघत होता.

"ठोके?" इलाने विचारलं.

"आहेत. वाढतायत."

मग बाळाने तोंड वेडंवाकडं केलं आणि दरवाजा करकरावा तसा आवाज काढला. दुसऱ्या श्वासाला ते रडलं, आणि रडतच राहिलं. एल्मरने वाकून मारिसोलच्या कपाळाला कपाळ टेकवलं.

"ऐकू आलं मला," इला म्हणाली. "चल, संपलं नाहीये अजून. बाळ आईच्या अंगावर दे, दोघींना पांघरूण घाल. वार पडू दे."

वार पडली, पूर्ण होती. रक्तस्राव बेतात होता. शैलजा मारिसोलच्या पोटावर हात ठेवून चोळत राहिली आणि हाताखाली गर्भाशय घट्ट होत गेलं, तेव्हाच तिने पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला.

आता वाट बघायची होती. बातमी कशी पसरली कोण जाणे, पण बारचा मालक सुपाचं भांडं घेऊन बर्फातून चालत आला. कोठारांवरची माणसं ट्रॅक्टर घेऊन क्लिनिकसमोरचा रस्ता साफ करायला लागली. किराणा दुकानवालीने बाळासाठी विणलेली टोपी पाठवली. आत कुणी आलं नाही. दारातूनच विचारायचे, दोघी बऱ्या आहेत ना? डोना म्हणायची, बऱ्या आहेत.

"माझ्यानंतर या गावात पहिलंच," सूप पिताना डोना म्हणाली. "मला वाटायचं मीच शेवटची." आणि मग ती पुसलेलेच डोळे पुन्हा पुसत बसली.

दुपारी बर्फ काढणारी गाडी आली आणि तिच्यामागे शहरातली ॲम्ब्युलन्स. तिच्यातल्या नर्सने बाळाला तपासलं, मारिसोलला तपासलं आणि शैलजाच्या खांद्यावर थोपटलं. एल्मर जायला निघाला. त्याने शैलजाचे दोन्ही हात आपल्या हातांत धरून ठेवले, नर्सने हाक मारेपर्यंत.

संध्याकाळी शहरातून फोन आला. बाळ दूध पितंय, आई जेवली, दोघींना दोन दिवसांत घरी सोडू. शैलजाने ते आधी डोनाला कळवलं, मग इलाला, मग अनिलला.

"म्हणजे आता जूनमध्ये येत नाहीस तू," सगळं ऐकून अनिल म्हणाला. त्याने ते चिडून म्हटलं नव्हतं.

"येतेय रे. पण त्याआधी मी आणि डोना आठवडाभर शुगर लँडला जाऊन येऊ म्हणतेय. इला तिच्या लेबर रूममध्ये आम्हाला उभं करायला तयार आहे. माझ्यामागे इथे हे कुणाला तरी यायला हवं."

"आणि डोना तयार आहे?"

"ती म्हणाली, टेक्सासमध्ये थंडी नसते ना? मग येते."

अनिल हसला. शैलजाही हसली, आणि हसताना तिच्या लक्षात आलं की सकाळपासून आवळून धरलेले खांदे आता कुठे सैल झालेत. बाहेर वादळ शमलं होतं. तिने उरलेलं सूप गरम केलं आणि खुर्चीत पाय वर घेऊन ती ते सावकाश प्यायली.