काळूरामांच्या घरातली मधली भिंत

मी एक जुनी भिंत आहे, मित्रांनो. काल्हेर गावातल्या काळूरामांच्या घरात, हॉल आणि स्वयंपाकघर यांच्या मधोमध माझी जागा. काळूरामांच्या वडिलांनी भातशेती सांभाळून हे घर उभं केलं. तेव्हा मला पाणी मारायचं काम छोट्या काळूरामकडे असायचं. माझ्यापेक्षा तोच जास्त भिजायचा.

मला दोन तोंडं. हॉलकडच्या तोंडाचे फार लाड झाले. घरात लग्नाची हळद असली की नवा रंग, वर घड्याळ, देवांच्या तसबिरी. पाहुणे माझ्यावरून हात फिरवून कौतुक करायचे आणि मी खूश व्हायचे.

स्वयंपाकघराकडचं तोंड मात्र धुरानं काळवंडलेलं. तिकडे काळूरामांच्या पत्नी, कमळाबाई. त्या तांदळाच्या भाकऱ्या थापायच्या आणि एकेक तव्यावरून उतरली की लगेच हॉलमध्ये पाठवायच्या. हॉलमध्ये हशा पिकला की त्या आतून विचारायच्या, "काय झाला?" सांगायला कुणी यायचं नाही. सगळे उठले की उरलेलं ताटात घेऊन, माझ्याकडे तोंड करून त्या एकट्या जेवायच्या. मला फार वाईट वाटायचं. पण भिंतीनं बाजूला तरी कसं व्हायचं?

मग मुलगा भाविक आणि सून उन्नती यांनी घर वाढवायचं ठरवलं. मागे एक खोली, वर मजला, आणि मला पाडून हॉल व स्वयंपाकघर एकच. माझ्यावर स्लॅबचा भार नाही, असं मिस्त्रीनं ठोकून पाहून सांगितलं. मी मनातल्या मनात नाचले.

काळूराम मात्र अडून बसले. "माझ्या बापाची भित हाय. ती पडाची न्हाय. आनि बोंबलाचा वास हॉलभर सुटंल, त्याचा काय?"

"बाबा, वास आत्ताही येतो," उन्नती म्हणाली. "वास आला की पहिले तुम्हीच येऊन बसता."

काळूराम हसले, पण हलले नाहीत. माझी बाजू इतकी जोरात कुणी घेतली नव्हती, आणि मला ती नकोच होती.

मला वगळून बाकीचं काम सुरू झालं. स्वयंपाकघरात नव्या लाद्या बसायच्या होत्या, म्हणून शेगडी तेवढ्या दिवसांपुरती हॉलमध्ये आली. पहिल्याच दुपारी सगळे जेवून उठले. भाविक बाहेर गेला, उन्नती गोडाऊनच्या ऑफिसात ड्युटीवर गेली. धूळ बसू नये म्हणून टीव्हीवर चादर टाकलेली. काळूरामांना बघायला दुसरं काहीच नव्हतं, म्हणून ते बायकोकडे बघत बसले.

कमळाबाईंनी शेवटची करपलेली भाकरी आणि तळाचा रस्सा घेतला, आणि सवयीनं माझ्याकडे तोंड करून बसल्या.

"भितीकडं तोंड करून काय जेवतेस?" काळूरामांनी विचारलं.

"रोजच तं जेवते."

"एकटीच?"

"मग? तुमी कवा बगलं?"

दुसऱ्या दिवशी मिस्त्री आल्याबरोबर काळूरामांनी घण मागून घेतला आणि पहिला घाव स्वतः घातला. थोडं दुखलं, खोटं कशाला बोलू? पण इतका आनंद मला रंग लावतानाही झाला नव्हता.

मला त्यांनी कंबरेइतकं ठेवलं आणि डोक्यावर काळा दगड बसवला. आता माझ्यावर ताटं मांडतात. घर तयार झालं त्या दिवशी सगळे जेवायला बसले, तेव्हा काळूरामांनी आपल्यासमोर एक जादा ताट ठेवलं.

"भाकऱ्या थंड होतील," कमळाबाई म्हणाल्या.

"होऊंदे. बस तू."

त्या बसल्या. भाविकनं कसलासा विनोद सांगितला, आणि त्या सगळ्यांबरोबर हसल्या.

मित्रांनो, आम्हा भिंतींना जपा. ओल दिसली तर वेळीच बघा, उगाच खिळे ठोकू नका. पण घर नवं करायला घ्याल, तेव्हा आधी एवढं विचारा की आपल्याकडे सगळ्यांत शेवटी कोण जेवतं. त्या माणसासाठी आमच्यातली एखादी पाडावी लागली, तर खुशाल पाडा.